एका दिवसाचा गिलावा

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल मिळाली. इटलीतल्या ऑर्व्हिएतोची रेसिडेन्सी, म्हणजे तिथे राहून चित्रं काढायची संधी, मिळाल्याचं वाचून मी उठून घरभर सांगत सुटले. मग सोबत जोडलेलं प्रपोजल वाचलं आणि पुन्हा खाली बसले.

सहा आठवड्यांत बारा मोठे कॅनव्हास, गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती, त्यावर हाताने लिहिलेलं एक पुस्तक, आणि शेवटी जमिनीखालच्या गुहेत आवाजांची मांडणी! निवड समितीपुढे हात जरा सैल सोडावा लागतो, हे मला कळतं. त्यांनाही कळतं. पण तू हे सगळं खरोखर करायला निघाला आहेस, असं पत्राच्या सुरावरून वाटतंय. म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय.

तुझ्या त्या गावाच्या कॅथेड्रलमध्ये शिरलास की आत उजव्या बाजूला सान ब्रित्सिओचं चॅपेल लागतं. १४४७ च्या उन्हाळ्यात फ्रा आंजेलिको हा साधू-चित्रकार ते रंगवायला आला. रोमला पोपचं काम चालू होतं, तिथला उन्हाळा टाळून तेवढे महिने इकडे यायचं असा बेत. मदतीला चित्रकार बेनोत्सो गोत्सोली. दोघांनी छताचे दोन भाग रंगवले. पुढच्या उन्हाळ्यात स्वारी आलीच नाही, नंतरही कधी नाही. चॅपेल अर्धशतक तसंच पडून राहिलं. मधल्या काळात पेरुजिनो या चित्रकाराशी बोलणी झाली, तीही फिसकटली. शेवटी १४९९ मध्ये कोर्तोनाच्या लुका सिन्योरेल्ली या चित्रकाराला बोलावलं, पण त्यालाही सगळं काम एकदम दिलं नाही. आधी राहिलेलं छत पुरं कर, मग पाहू. छत पसंत पडल्यावर १५०० मध्ये भिंती दिल्या आणि १५०४ पर्यंत काम उरकलं. करारात पैशांबरोबर राहायला घर, धान्य आणि वाइनही होती. म्हणजे रेसिडेन्सीच की!

मला तुझ्याशी बोलायचंय ते त्याच्या रोजच्या कामाबद्दल. ओल्या चुन्यावरच्या भित्तिचित्रात रंग नुसत्या पाण्यात कालवलेले असतात, डिंक नाही की तेल नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घट्ट होतो आणि रंगाचे कण त्यातच अडकतात. गिलावा वाळला की दार बंद. त्यामुळे सकाळी भिंतीवर तेवढाच गिलावा चढवायचा, जेवढा संध्याकाळपर्यंत रंगवून होईल. चेहरा असेल तर वीतभर तुकड्याला अख्खा दिवस जातो, मोकळं आकाश असेल तर हातभर रुंद पट्टा सहज होतो. दिवसाअखेर न रंगवलेला गिलावा उरला, तर तो कडेने तिरका कापून टाकायचा. दुसऱ्या दिवशी त्या कडेला लागून नवा तुकडा. एवढी मोठी कयामतीची भिंत, तिच्यावर ती नग्न माणसं कबरीतून स्वतःला उपसून वर काढताहेत, पण ती उभी राहिली अशा रोजच्या तुकड्यांतून.

तुझ्या बारा कॅनव्हासना माझा आक्षेप आकड्याचा नाही. उद्या सकाळी किती गिलावा लावायचा, याचा तुझ्या कागदावर कुठे पत्ता नाही. रोज रात्री झोपताना उद्याचा तुकडा ठरव. लहान ठरव. एक खिडकी, एका भिंतीचा रंग, एका मुलाखतीतली दोन वाक्यं. तो संपला की थांब आणि बाहेर पड. नाही संपला तर उरलेलं कापून टाक, उद्या नव्याने कर. कालच्या चित्रावर आज ‘थोडंसंच’ करतो म्हणत दुपार घालवणाऱ्या तुला मी वर्गात पाहिलेलं आहे. ऑर्व्हिएतोत तो उद्योग बंद.

चॅपेल पाहायला जाताना लहानशी दुर्बीण ने. हसू नकोस. चित्रं उंचावर आहेत आणि रोजच्या तुकड्यांचे सांधे खालून दिसत नाहीत. कॅथेड्रलला तिकीट आहे, म्हणून रेसिडेन्सीवाल्यांना पहिल्याच दिवशी विचार की पासची काही सोय होते का. एकदा जाऊन भागणार नाही. पहिल्या खेपेला सगळेच अँटीख्राइस्टच्या, म्हणजे ख्रिस्ताचं सोंग घेतलेल्या खोट्या तारणहाराच्या, चित्रापुढे खिळतात, कारण सैतान त्याच्या कानात कुजबुजतोय आणि त्याचा हात नक्की कुणाचा हेच कळत नाही. त्याच चित्राच्या डाव्या कोपऱ्यात काळ्या कपड्यांतले दोघे उभे आहेत, तो सिन्योरेल्ली स्वतः आणि त्याच्या मागे फ्रा आंजेलिको. अर्धं काम टाकून गेलेल्या माणसाला त्याने आपल्या शेजारी उभं केलं, हे मला फार आवडतं. पुढच्या खेपांना मात्र खालच्या पट्ट्याकडे बघ. तिथे दान्ते आणि इतर कवी आहेत, आणि त्यांच्याभोवती एकरंगी छोटी चित्रं. पर्यटक मान वर करून फिरतात, त्यामुळे खाली गर्दी नसते. रेखाटनं तिथेच कर.

जेवणाच्या टेबलावर कुणीतरी तुला ‘भारतीय चित्रकला’ समजावून सांगायला लावेल. चांगल्या मनाने विचारतील, पण तू लगेच राजदूत होऊ नकोस. मंडलं, गणपती, वारली यांची मागणी येईल. तुझ्या कामात ते नसेल, तर तिथे जाऊन ते आणू नकोस. सांगायचंच असेल, तर अजिंठ्याची गोष्ट सांग, ती त्यांच्याही घरची आहे. १९२० साली हैदराबादच्या निजामाने अजिंठ्याची चित्रं वाचवायला इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी यांना बोलावलं. सुटत चाललेले पापुद्रे त्यांनी भिंतीला पक्के बसवले, हे उपकारच. पण वरून जो लाखेचा थर दिला, तो पुढे पिवळा पडला आणि पुरातत्त्व खात्याची माणसं तो काढत बसली. मग हेही सांग, की अजिंठ्याची चित्रं ओल्या चुन्यावरची नाहीत. तिथे मातीचा गिलावा, त्यात तूस आणि गवत, वर चुन्याचा पातळ हात, आणि रंग वाळल्या भिंतीवर चिकट द्रव्यात कालवून दिलेले. म्हणून तिथे रोजच्या तुकड्यांचे सांधे नाहीत. या गप्पांतून तू त्या टेबलावर चित्रकार म्हणून बसशील, नमुना म्हणून नाही.

आता गाव. ऑर्व्हिएतो तुफा नावाच्या ज्वालामुखीच्या दगडाच्या पठारावर आहे, सगळीकडून कडे तुटलेले. रेल्वे स्टेशन खाली, गाव वर, मध्ये केबलने ओढली जाणारी फ्युनिक्युलर. ती १८८८ मध्ये सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची, आता विजेवर चालते. रोम-फ्लॉरेन्स मार्गावरचं स्टेशन आहे, त्यामुळे रोमहून थेट गाडी मिळते. छापील तिकीट असेल, तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घे, नाहीतर दंड भरशील.

तुफा मऊ, म्हणून तीन हजार वर्षं लोकांनी तो आतून पोखरलाय. गावाखाली हजारावर गुहा आहेत. रोमनांच्या आधीच्या एट्रुस्कन लोकांच्या विहिरी, तेलाचे घाणे, भिंतीत कोरलेले कबुतरखाने. तुझी आवाजांची मांडणी इथे करायची स्वप्नं आहेत ना? या गुहा कुणाच्या तरी घराखाली, दुकानाखाली आहेत, आणि ज्या पाहता येतात त्यांतल्या बऱ्याच वाटाड्यासोबतच. परवानगीत सहा आठवडे जातील. मांडणी सोडून दे. खाली जाऊन नुसते आवाज टिपलेस तरी पुष्कळ.

सान पात्रित्सिओची विहीर मात्र चुकवू नकोस. १५२७ मध्ये रोमची लूट झाली, पोप सातवा क्लेमेंट पळून इथे आला, आणि वेढा पडला तर पाणी कुठून आणायचं या धास्तीने त्याने आंतोनिओ दा सांगाल्लो या वास्तुशिल्पीकडून ती खणून घेतली. खोली पन्नास मीटरच्या वर. भिंतीत एकमेकांभोवती फिरणारे दोन जिने, प्रत्येकी २४८ पायऱ्या. खेचरं एका जिन्याने उतरायची, दुसऱ्याने पाणी घेऊन चढायची, समोरासमोर कधीच यायची नाहीत. काम पुरं झालं १५३७ मध्ये, तोवर पोप वारलाही होता. आपल्याकडे लिंबची बारामोटेची विहीर तू पाहिली आहेस. दोन्हींत उजेड खाली कसा उतरतो ते ताडून बघ. मला वाटतं तुझं खरं चित्र त्यात कुठेतरी आहे, पण हे माझं वाटणं.

उजेडावरून आठवलं. जुन्या गल्ल्या अरुंद, घरं उंच, आणि स्टुडिओ तळमजल्यावर असला, तर सूर्य दिवसातून थोडाच वेळ खिडकीत येतो. पहिले दोन-तीन दिवस फक्त त्याची वेळ लिहून ठेव. रंगकाम तेव्हा, बाकीचं इतर वेळी. तू जातोयस नोव्हेंबरात. सकाळी खालची पालिया नदीची दरी धुक्याने भरलेली असेल आणि गाव त्याच्या वर. तो देखावा इतका तयार आहे, की दर चित्रकार एकदा तो काढतोच. तूही एकदा काढ आणि सुटका करून घे. दगडी घरं आतून गार असतात, लोकरीचे मोजे दोन जोड जास्त घे.

दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात. बाजार गुरुवारी आणि शनिवारी सकाळी पियात्सा देल पोपोलोत भरतो. भाजीवाल्याशी ओळख वाढव, मुलाखती तिथूनच मिळतील. पण आधी महिनाभर नुसती भाजी घे, मग रेकॉर्डर काढ. इटालियनचे धडे आजपासून सुरू कर, कारण रेसिडेन्सीत सगळे इंग्रजी बोलतील आणि गावात फारसं कुणी बोलणार नाही. पाव अळणी असतो, पहिल्या घासाला नाक मुरडू नकोस. मांस खात नाहीस हे आधीच कळव, आणि सूपचं पाणी कशाचं आहे तेही विचारत जा.

सामानाचं थोडक्यात. टर्पेंटाइन विमानात चालत नाही, तिथल्या हार्डवेअरच्या दुकानातून घे. ओलं तैलचित्र नोव्हेंबरच्या दमट हवेत वाळायला किती दिवस घेईल, याचा हिशेब कर आणि मग तेल घेऊन जायचं की नाही ते ठरव. मी असते तर कागदावर काम केलं असतं. फाब्रियानोचा कागद तिथे शेजारच्या प्रांताचा, तेराव्या शतकापासून तिथे कागद होतो. जाताना पुण्याच्या हातकागद संस्थेचे काही ताव ने. एकाच रंगाचं पाणी दोन्ही कागदांवर सोडून बघशील तेव्हा कळेल कशासाठी.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच, १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंतचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ऑगस्ट संपायच्या आत कर. निमंत्रणपत्रात राहण्याची जागा, तारखा आणि कोणता खर्च ते देणार हे स्वच्छ लिहून घे. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

पैशांबद्दल तू दबकत विचारलंयस. ऑर्व्हिएतोच्याच उंब्रिया प्रांतात उंबेर्तिदेजवळ चिव्हितेल्ला रानिएरी ही रेसिडेन्सी आहे, पंधराव्या शतकातल्या किल्ल्यात. ते सगळा खर्च देतात, पण तिथे अर्ज करता येत नाही, नाव कुणीतरी सुचवावं लागतं. बाकी टेकड्यांवरच्या बऱ्याच रेसिडेन्सी फी घेतात, काहींच्या बाबतीत ती उन्हाळी सहल असते आणि स्टुडिओ म्हणजे खाटेशेजारचं टेबल. तुझ्या रेसिडेन्सीचं तसं नाही. खोली, स्वतंत्र स्टुडिओ, रात्रीचं जेवण ते देताहेत, विमान आणि व्हिसा तुझा. हा सौदा चांगला आहे. काका उसने देताहेत तर घे, पण फेडायचे हप्ते आत्ताच ठरव. परत येऊन चित्रं विकून फेडीन, असं त्यांना सांगू नकोस. त्यांचा विश्वास बसेल, आणि मग तू तिथे विकाऊ चित्रं काढत बसशील.

शेवटच्या आठवड्यात ओपन स्टुडिओ असतो, म्हणजे गावाला तुझं काम बघायला दार उघडं. भिंत भरायचा मोह होईल. पाच गोष्टी लाव, आणि भाजीवाल्याला बोलाव.

प्रपोजल बदललं तर रागावतील का, असं विचारशील. नाही रागावत. पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच तिथल्या संयोजकांना सरळ सांग की इतकंच करणार आहे. सुधारलेला कागद मला रविवारपर्यंत पाठव, एका पानात बसव. खाली पहिल्या तीन दिवसांचे तुकडे लिही, तेवढेच मी तपासणार आहे.

तुझी,
बाई