एस्टोनियाने मताचा हक्क काढला, पण नेमका कुणाचा?

प्रश्न: नमस्कार ताई, एस्टोनियाच्या संसदेने मतदान फक्त नागरिकांपुरतं ठेवायचं म्हणून घटनाच बदलली असं वाचलं. पण जे नागरिकच नाहीत त्यांना आधी मत होतंच कसं? आपल्याकडे तर असं ऐकलंही नाही.

उत्तर: बरोबर आहे, आपल्या घटनेच्या कलम ३२६ मध्ये मतदार म्हणजे नागरिक हे स्पष्टच आहे, म्हणून आपल्याला हे विचित्र वाटतं. एस्टोनियातही संसदेच्या निवडणुकीला फक्त नागरिकच मत देतात, सगळा वाद झाला तो गावच्या, शहराच्या कौन्सिलच्या मतदानावरून. १९९१ ला सोव्हिएत युनियनमधून बाहेर पडल्यावर त्यांनी ठरवलं की सोव्हिएत युनियनने १९४० ला देश ताब्यात घेतला त्याआधी जे नागरिक होते ते आणि त्यांची मुलंनातवंडं आपोआप नागरिक, बाकीच्यांनी अर्ज करायचा. आता बाकीचे म्हणजे सोव्हिएत काळात कारखान्यांत, खाणींत कामाला आणलेली माणसं आणि त्यांची तिथेच जन्मलेली पोरं, सगळी मिळून लोकसंख्येच्या जवळपास एक तृतीयांश, आणि ही माणसं कागदोपत्री कुठल्याच देशाची उरली नाहीत.

एवढ्या लोकांना गावच्या कारभारातूनही बाहेर ठेवलं तर काय होईल याचा अंदाज तेव्हाच्या पुढाऱ्यांना होता. १९९२ च्या घटनेत त्यांनी लिहिलं की जो त्या गावात कायमचा राहतो तो स्थानिक निवडणुकीत मत देऊ शकतो. तरी १९९३ च्या जुलैत नार्वा आणि सिल्लामाए या रशियन भाषिक शहरांनी स्वायत्ततेसाठी स्वतःच सार्वमत घेतलं, सुप्रीम कोर्टाने ते रद्द ठरवलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागरिक नसलेल्या या लोकांनी स्थानिक निवडणुकीत मतदान केलं. उमेदवार म्हणून मात्र उभं राहता येत नव्हतं, फक्त मत. मला विचाराल तर तो निर्णय शहाणपणाचा होता, गाव शांत राहायला त्याची मदतच झाली.

प्रश्न: घटनादुरुस्ती इतक्या झटपट कशी झाली?

उत्तर: तिथे तीन रस्ते आहेत. सार्वमत घ्या, किंवा एका संसदेने मंजूर करून निवडणुकीनंतरच्या पुढच्या संसदेनेही मंजूर करायचं, किंवा तातडीचा मार्ग, ज्यात आधी चार पंचमांश मतांनी विषय तातडीचा ठरवायचा आणि मग दोन तृतीयांशने पास करायचा. त्यांनी तिसरा घेतला. २६ मार्च २०२५ ला १०१ सदस्यांच्या रीगिकोगूमध्ये, म्हणजे त्यांच्या संसदेत, ९३ विरुद्ध ७ मतांनी दुरुस्ती मंजूर झाली.

प्रश्न: शेजारी युद्ध चालू आहे, रशियाचा पासपोर्ट खिशात ठेवणाऱ्याने एस्टोनियातल्या शहराचा कारभार का ठरवावा? मला तर यात काहीच चूक दिसत नाही. तुमचं मत स्पष्ट सांगा.

उत्तर: स्पष्टच सांगते. रशियाच्या नागरिकांबद्दल तुमचं म्हणणं मला समजतं. २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाल्यापासून एस्टोनियातल्या लोकांच्या मनात जी भीती आहे ती खरी आहे, ज्यांच्या घरातली माणसं सोव्हिएत काळात सायबेरियात पाठवली गेली त्यांना आपण लांब बसून घाबरू नका म्हणणं बरोबर नाही. साधारण ८० हजार रशियन नागरिक तिथे राहतात. ते मॉस्कोच्या निवडणुकीतही मत देऊ शकत होते आणि नार्वाच्याही, हे लोकांना खुपलं.

पण या दुरुस्तीत दुसरा एक गट आहे आणि माझा जीव तिथे अडकतो. साधारण ६० हजार लोक असे आहेत की ज्यांच्याकडे कुठल्याच देशाचं नागरिकत्व नाही, त्यांना राखाडी पासपोर्टवाले म्हणतात. यांनी रशियाचा पासपोर्ट मागितला नाही, तीस वर्षं घेतला नाही, त्यातले कित्येक एस्टोनियातच जन्मले, तिथेच टॅक्स भरतात, आणि त्यांनाही आता मत नाही. रशिया आणि त्याचा मित्रदेश बेलारूस यांच्या नागरिकांचा हक्क लगेच गेला, यांना ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीत शेवटचं मत देऊ दिलं आणि संपलं. आता एस्टोनियाचे नागरिक आणि युरोपियन युनियनच्या देशांचे नागरिक एवढेच स्थानिक मतदार, कारण युनियनच्या करारामुळे त्या दुसऱ्यांना काढता येत नाही. म्हणजे गेल्या वर्षी राजधानी तालिनला राहायला आलेला पोर्तुगालचा माणूस कौन्सिलसाठी मत देऊ शकणार आणि तिथे चाळीस वर्षं बस चालवणारा राखाडी पासपोर्टवाला ड्रायव्हर नाही. सुरक्षेचं कारण या माणसाला कसं लागू होतं ते मला पटलेलं नाही, तो कुठल्या शत्रू देशाचा मतदार नाहीये, त्याला मत देण्यासारखी दुसरी जागाच नाही. सोशल डेमोक्रॅट पक्षाचा आग्रह होता की यांचा हक्क ठेवा, आणि सत्ताधारी आघाडीत खटके उडाले त्यात हाही मुद्दा होता. माझ्या मते ते बरोबर बोलत होते. दोन वेगळ्या गटांना एकाच दोरीने बांधलं गेलं.

प्रश्न: मग तीस वर्षांत या लोकांनी नागरिकत्व का नाही घेतलं? मत हवं तर परीक्षा द्या ना!

उत्तर: लाखभराहून जास्त लोकांनी घेतलंय हो, १९९२ पासून नागरिकत्व नसलेल्यांचा आकडा सतत खाली येतोय. राहिलेल्यांची कारणं एकसारखी नाहीत. एस्टोनियन भाषेची बी१ पातळीची, म्हणजे रोजचं बोलणं-लिहिणं जमेल एवढी, परीक्षा आहे, वर घटनेची आणि नागरिकत्व कायद्याची वेगळी, आणि नार्वामध्ये आसपास सगळेच रशियन बोलत असताना साठीतल्या माणसाने ही भाषा शिकून पास होणं अजिबात सोपं नाही, शिकायची तर बोलणार कुणाशी? काहींना आपण इथेच जन्मलो तरी अर्ज का करायचा हा अपमान वाटतो. आणि काहींची सोयही होती, राखाडी पासपोर्टवर युरोपात फिरता यायचं आणि रशियात नातेवाइकांकडेही व्हिसाशिवाय जाता यायचं, तेव्हा घाई कुणाला होती. हे मी लपवत नाही.

एक गोष्ट चांगली झाली, २०१६ पासून अशा आईबापांना तिथे मूल झालं की ते आपोआप एस्टोनियाचं नागरिक होतं. त्यामुळे नवी पिढी या फेऱ्यातून सुटली. पुढची स्थानिक निवडणूक २०२९ मध्ये आहे, तोवर तिथल्या वयस्कर लोकांसाठी परीक्षा थोडी सोपी करायची की नाही हे रीगिकोगूच्या हातात आहे, आणि माझ्या मते करायलाच हवी.