बाहेरून आलेल्या कामगारांची परजीवींसाठी जागच्या जागी तपासणी करायची आहे. कोणतं रॅपिड किट घ्यावं?

किट कोणतं, हा यातला शेवटचा प्रश्न. तुम्ही तो पहिला विचारलात आणि खाली ‘पंधरा मिनिटांत निकाल लागतो म्हणे’ अशी भर घातलीत, म्हणून लिहायला बसले. पंधरा मिनिटांत रेघ उमटते. निकालाला आणखी बरंच काही लागतं.

मी लॅब टेक्निशियन. काही वर्षांपूर्वी एका बांधकामावरच्या मजुरांचं शिबिर केलं. सगळे बाहेरून आलेले, बरेचसे हत्तीरोगाच्या भागातले. दिवसभर काम, त्यामुळे लोक संध्याकाळी आले, हातपाय सिमेंटने पांढरे. एका टेबलावर मलेरियाची किटं, दुसऱ्यावर हत्तीरोगाच्या पट्ट्या, आणि दोन्हीकडे मिळून मी आणि एक शिकाऊ मुलगा. घट्टे पडलेल्या बोटात लॅन्सेट (टोचायची बारीक सुई) नीट शिरत नाही, थेंब येता येत नाही. मलेरियाला ५ मायक्रोलिटर रक्त पुरतं, हत्तीरोगाच्या पट्टीला ७५ लागतं. त्या ७५ पायी रांग तुंबली.

मी ट्रेमध्ये प्रत्येक पट्टीशेजारी मार्करने वेळ लिहीत होते. एका पट्टीशेजारी ६.५० लिहिलं होतं. तिच्याकडे परत वळले तेव्हा सव्वासात झाले होते. कंट्रोलच्या रेघेजवळ (पट्टी चालली एवढंच ती सांगते) दुसरी एक रेघ होती, पट्टी उजेडाकडे तिरकी धरली तरच दिसेल इतकी.

शिबिराचे प्रमुख डॉक्टर मागेच उभे होते. म्हणाले, “पुसट रेघ म्हणजे पॉझिटिव्ह. लिही.”

“सर, पंचवीस मिनिटं झालीत. ही दहाव्या मिनिटाला वाचायची असते. उशिरा वाचली तर खोटी रेघही दिसते. दुसरी लावते.”

“पट्ट्या मोजून आणल्यात.”

आणि त्यांनी त्या माणसाचं नाव मोठ्याने वाचून रजिस्टरात स्वतःच्या हाताने नोंद केली. मुकादम तिथेच खांबाला टेकून उभा होता.

हत्तीरोगाच्या कृमींची पिल्लं रक्तात रात्री येतात, म्हणून त्या माणसाची स्लाइड (काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) रात्री दहानंतर करायची ठरली होती. साडेनऊला शोधत गेले तर पथारी गुंडाळून माणूस गेलेला. ‘बाकीच्यांना लागण नको’ म्हणून मुकादमाने हिशेब करून त्याला वाटेला लावलं होतं. हत्तीरोग डास पसरवतो, शेजारी झोपल्याने होत नाही. रेघ खरी असती तरी गोळ्या घेऊन तो दुसऱ्या दिवशी कामावर उभा राहिला असता. त्याला तो आजार होता की नव्हता, हे मला आजही माहीत नाही.

सर अजून भेटले की विचारतात, “मलेरियात पुसट रेघ पॉझिटिव्ह धरतेस ना?” धरते. वेळेत वाचलेली असेल तर! हे मी त्यांना किमान तीनदा सांगितलंय.

आता किटचं. लोक कुठून आलेत त्यावर ते ठरतं. मलेरियाचं एचआरपी-२ वालं किट फाल्सिपेरम या मलेरियाच्या जंतूचं एक प्रथिन शोधतं, आणि आजार बरा झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवतं. मागच्या मुक्कामी औषध घेऊन आलेला माणूस तुमच्याकडे पुन्हा ‘रुग्ण’ ठरतो. उलट काही फाल्सिपेरम जंतूंमध्ये ते प्रथिन तयार करणारं जनुकच नसतं, मग किट गप्प बसतं. तापाचा माणूस असेल तर स्लाइड कराच. काळ्या आजाराची (काला-आझार) आरके-३९ पट्टीही तशीच, बरं झाल्यावर कितीतरी महिने पॉझिटिव्ह राहते, तेव्हा आधी उपचार झालेत का ते विचारल्याशिवाय बोट टोचू नका. आफ्रिकेतून आलेल्यांसाठी बिलहार्झियाची (रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या कृमींचा आजार) लघवीवरची सीसीए चाचणी आतड्याच्या प्रकाराला चांगली, मूत्राशयाच्या प्रकाराला कुचकामी. लॅटिन अमेरिकेतले लोक असतील तर शागास हा तिकडचा परजीवी आजार तपासा, आणि तिथे एका चाचणीवर निदान करत नाहीत, दोन वेगवेगळ्या लागतात.

तपासणीतून सगळ्यात जास्त सुटतो तो स्ट्राँगिलॉइड्स. हा कृमी माणसाच्या शरीरातच पुन्हापुन्हा संसर्ग करत दशकानुदशकं राहतो, एकदा शौच तपासून बहुधा सापडत नाही, आणि पुढे कधी दम्यासाठी वगैरे स्टेरॉइड दिलं की जिवावर उठतो. युरोपच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१८ च्या मार्गदर्शनात नव्याने आलेल्या स्थलांतरितांसाठी याची आणि बिलहार्झियाची रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी सुचवली, ती उगाच नव्हे. जंताच्या गोळीचा एक डोस दिला म्हणजे हाही गेला, असं समजू नका. त्याला आयव्हरमेक्टिन हे वेगळं औषध लागतं.

हो, मध्य आफ्रिकेतून आलेल्या कुणाला आयव्हरमेक्टिन देण्याआधी रक्तात लोआ लोआ हा तिकडचा कृमी आहे का ते पाहून घ्या. रक्तात त्याची पिल्लं जास्त असली तर औषधानेच मेंदूला इजा होऊ शकते. हे वर लिहायला हवं होतं.

औषध हाताशी नसेल तर तपासणीच करू नका. निकाल ज्याचा त्याच्या हातात, मुकादम मंडपाबाहेर. आणि सर वाईट नाहीत, त्या शिबिराचा निम्मा खर्च त्यांच्या खिशातला होता. पण पट्ट्या मोजून आणू नका. दहा-पंधरा जास्तीच्या ठेवा, आणि घड्याळ सांभाळायला एक माणूस वेगळा.