मनगटातला फिस्टुला बंद पडला, आता पुढे काय?

प्रश्न: माझ्या सासऱ्यांचं वय ६३, शुगर जुनी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मनगटातला फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) महिन्याभरात बंद पडला, तेव्हापासून मानेतल्या परमकॅथवर (मोठ्या शिरेत बसवलेल्या डायलिसिसच्या पाइपवर) चाललंय. डॉक्टर म्हणतात कोपरापाशी परत फिस्टुला करू, नाही जमलं तर ग्राफ्ट. पण अण्णा (सासरे) म्हणतात, पाइपच बरा, सुया तरी टोचत नाहीत. काय करावं? (एक वाचक, धायरी, पुणे)

उत्तर: अण्णांचं म्हणणं कळतं हो, दर वेळी दोन जाड सुया म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच माहीत, पण पाइपातून जंतू थेट रक्तात जातात आणि थंडी वाजून ताप भरला की अ‍ॅडमिटच व्हावं लागतं, शिवाय पाइप जास्त दिवस राहिला तर छातीतली मोठी शीर आकसते आणि मग त्या बाजूच्या हातात फिस्टुला करूनही हात सुजत बसतो. म्हणून माझं मत, ऑपरेशन करा.

आधी दोन्ही हातांचं डॉप्लर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) आणि एक टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. जुन्या शुगरवाल्यांच्या मनगटातल्या धमन्या बऱ्याचदा कडक झालेल्या असतात, त्यामुळे तिथलं फसलं म्हणजे सगळंच संपलं असं नाही. कोपरापाशी शीर मोठी मिळते, फक्त ऑपरेशननंतर बोटं गार पडतायत, दुखतायत असं वाटलं तर लगेच दाखवा, हाताचं रक्त फिस्टुलाच ओढून घेत असतो. कातडीलगतची शीर चांगली नसेल तर दंडाच्या आतली खोल शीर उचलून कातडीखाली आणतात, कधीकधी दोन टप्प्यांत. फिस्टुला तयार व्हायला दीड ते तीन महिने जातात, तोवर पाइप राहणारच, हे अण्णांना आधीच सांगून ठेवा नाहीतर चिडतील.

शिराच नसतील तर ग्राफ्ट, म्हणजे कृत्रिम नळी. साधारण दोन-तीन आठवड्यांत सुया टोचता येतात, पण गुठळी आणि इन्फेक्शन फिस्टुलापेक्षा जास्त, म्हणून तो नंतरचा पर्याय.

आणि आजपासूनच ज्या हातात करायचंय त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्त काढणं नाही, सलाइन नाही, लॅबवाला घरी आला तरी दुसऱ्या हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूने घे म्हणून सांगा. फिस्टुला झाल्यावर रोज सकाळी बोट ठेवून थरथर लागतेय का बघायचं, नाही लागली तर पुढच्या डायलिसिसची वाट न बघता त्याच दिवशी सर्जनला फोन करा, कारण लवकर गेलात तर गुठळी काढून तोच फिस्टुला वाचवता येऊ शकतो.