स्टीलच्या चेनचं घड्याळ सकाळी ढिलं आणि दुपारी घट्ट का होतं? लॉकचं माप नेमकं कसं बसवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात राहता, नवं रोलेक्स सबमरिनर घेतलंय, शोरूममध्ये दोन कड्या काढून दिल्या. तरी सकाळी घड्याळ मनगटावर गोल फिरतं आणि दुपारी घरी पोचेपर्यंत चेन रुतून ठसे उमटलेले असतात. पत्नीच्या रोलेक्स डेटजस्टचीही तीच तक्रार आहे. तिसरी कडी काढून घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

कडीला लगेच हात लावू नका. आधी लॉक उघडून ग्लाइडलॉक, म्हणजे चेन खाचेखाचेने लांब-आखूड करायची लॉकमधली सरकती सोय, कितव्या खाचेवर आहे ते बघा. बहुतेकांना शोरूममध्ये कोणी हे दाखवतच नाही. कड्या काढल्या, लॉक लावलं, "बसलं का?" "हो, बसलं", इथे विषय संपतो. त्या वेळी तुम्ही अर्धा तास एसीत बसलेले असता, म्हणजे मनगट बारीक झालेलं असतं. त्या मापावर पक्कं बसवलेलं घड्याळ दुपारी रुतणारच.

कडीने हा प्रश्न का सुटत नाही, ते आकड्यांत बघू. अशा चेनची एक कडी साधारण 6 ते 8 मिमी लांब असते. ती काढली की चेनचा परिघ तेवढाच कमी होतो. परिघातले 7 मिमी म्हणजे व्यासात सव्वादोन मिमी, आणि मनगटाला तो फरक ढिलं आणि घट्ट यांच्यातला असतो. ग्लाइडलॉकची एक खाच 2 मिमीची आहे, म्हणजे व्यासात जेमतेम 0.6 मिमी. हातावर ते एकदम जाणवतं, पण टोचत नाही. मनगट दिवसात बदलतं तेही काही मिलिमीटरच. उकाड्यात त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, हात खाली लोंबता राहिला की त्यात पाणी साठतं, खारट जेवणाने आणि लांबच्या विमानप्रवासाने त्यात भर पडते. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे थोडं घट्ट असलेलं घड्याळही जास्तच घट्ट वाटतं.

थोडक्यात, अंगाचं माप कड्यांनी बसवायचं आणि हवामान लॉकने सांभाळायचं. ही दोन कामं एकमेकांत मिसळली की घड्याळ कधीच नीट बसत नाही.

आता माप. शिंप्याची टेप घ्या. ती नसेल तर कागदाची पट्टी मनगटाला गुंडाळून पेनाने खूण करा आणि फूटपट्टीवर मोजा. घड्याळ जिथे घालता तिथेच, म्हणजे करंगळीच्या बाजूच्या हाडाच्या मागे की पुढे ते ठरवून, रोज एकाच जागी. सकाळी उठल्यावर, दुपारी बाहेरून आल्याबरोबर आणि रात्री, असं तीन दिवस. समजा आकडे 168, 173 आणि 170 आले. मग 170 हे तुमचं मधलं माप. कड्या अशा ठेवायच्या की या मधल्या मापाला ग्लाइडलॉक पूर्ण आत नको आणि पूर्ण बाहेरही नको; तिसऱ्या-चौथ्या खाचेवर यायला हवं. म्हणजे सकाळसाठी आत तीन खाचा, 6 मिमी, शिल्लक राहतात आणि दुपारसाठी बाहेर भरपूर जागा उरते.

तुमचं ग्लाइडलॉक आत्ता पूर्ण आत ढकललेलं असेल आणि तरीही सकाळी घड्याळ फिरत असेल, तर मात्र एक कडी काढा आणि लगेच तीन-चार खाचा उघडा. ते आधीच मधे कुठेतरी असेल तर कड्या बरोबर आहेत, फक्त रोज सरकवायची सवय लावायची आहे.

सरकवायचं कसं: लॉक पूर्ण उघडा. झाकणाच्या आत चेनचं टोक दातेरी पट्टीत बसलेलं दिसेल. ते टोक बोटाने वर उचला, हव्या खाचेपर्यंत सरकवा आणि खाली दाबा. 'टक्' असा आवाज आलाच पाहिजे. आवाज आला नाही तर दात अर्धवट बसलेत, पुन्हा उचला. बसल्यावर चेन हलकेच ओढून बघा. हत्यार लागत नाही. दुपारी ऑफिसात पोचल्यावर दहा सेकंदांचं काम आहे. एकूण वाव साधारण 20 मिमी आहे आणि त्याचं कारण पाणबुडे आहेत. ही रचना पहिल्यांदा रोलेक्सच्या 2008 च्या डीपसी या पाणबुड्यांच्या घड्याळावर आली, कारण निओप्रीनच्या पोहण्याच्या सुटावरूनही घड्याळ घालता यायला हवं होतं. त्यापायी लॉक लांब आणि जाड झालं. मनगट 16 सेमीपेक्षा बारीक असेल तर लॉक मनगटाच्या आतल्या सपाट भागाच्या कडांच्या बाहेर जातं आणि त्याच्या दोन टोकांशी पोकळी राहते. टेबलावर हात ठेवून टाइप करताना टोचतं ते तेव्हाच, आणि खाच बदलून त्यात फरक पडत नाही.

एक बारकावा. ग्लाइडलॉकची वाढ चेनच्या एकाच बाजूला होते, म्हणून 4 मिमी उघडलं की लॉकही साधारण 2 मिमी बाजूला सरकतं. लॉकचा मध्य मनगटाच्या आतल्या बाजूच्या मध्यावर हवा. डाव्या हातावर घड्याळ असेल तर सहाच्या आकड्याकडची बाजू अंगठ्याकडे येते. लॉक अंगठ्याकडे सरकलेलं असेल तर बाराच्या बाजूला कड्या जास्त आहेत, म्हणून पुढची कडी तिथून काढायची. करंगळीकडे सरकलं असेल तर सहाच्या बाजूची काढायची. पुष्कळ घड्याळं मुळात बरोबर मापाची असतात, पण कडी चुकीच्या बाजूने काढल्यामुळे डायल सतत बाहेर झुकतं. मग माणूस ते आवळून घालायला लागतो आणि ठसे उमटतात. तुमच्या दोन्ही कड्या एकाच बाजूने काढल्या असतील तर ठशांचं मूळ तिथेही असू शकतं.

बसलं की नाही हे तपासायला एकच कसोटी पुरेशी आहे, पण ती दुपारी करायची. हात खाली लोंबता सोडा, मूठ आवळा, मग उघडा. मूठ आवळताना चेन रुतायला नको आणि हात खाली सोडला की घड्याळ हाडाच्या पलीकडे, पंजाकडे, घसरायला नको. लॉकच्या कडेखाली करंगळीचं टोक जेमतेम शिरावं. काढल्यावर पुसट ठसा राहिला आणि काही मिनिटांत गेला तर काळजी नको. तासाभराने टिकून असलेली लाल पट्टी म्हणजे माप चुकलंय.

डेटजस्टचं गणित वेगळं आहे. त्यात इझीलिंक असते: एकच घडीची कडी, जी उघडली की 5 मिमी वाढतात. मधल्या पायऱ्या नाहीत, एकतर बंद नाहीतर उघडी. म्हणून कड्या काढताना इझीलिंक बंद ठेवून, सकाळच्या सगळ्यात बारीक मापावर बसवायची. दुपारी ती उघडायची. पुष्कळ ठिकाणी ती उघडी असतानाच माप घेतात, गिऱ्हाइकाला छान बसल्यासारखं वाटतं, आणि मग मे महिन्यात सैल करायला काहीच उरत नाही. पत्नीच्या घड्याळाचं लॉक उघडून बघा. इझीलिंक आधीच उघडी असेल आणि तरी घट्ट होत असेल, तर काढलेली एक कडी परत घालून इझीलिंक बंद करायची. एक कडी 5 मिमीपेक्षा जास्त असते, म्हणून सकाळी थोडं ढिलं राहील. तेवढं चालतं. ते खटकत असेल तर त्या चेनला अर्धी कडी मिळते का, हे अधिकृत विक्रेत्याला विचारा.

पुढचं घड्याळ घेताना लॉक आधी बघा. ट्यूडरच्या टी-फिट या सरकत्या लॉकला पाच पायऱ्या आहेत, एकूण 8 मिमी, आणि शहरातल्या रोजच्या वापराला मला तो वाव ग्लाइडलॉकच्या 20 मिमीपेक्षा जास्त शहाणा वाटतो, कारण लॉकही आटोपशीर राहतं. ओमेगाच्या सीमास्टर डायव्हर 300 मीटरमध्ये लॉकच्या आतलं बटण दाबून सरकवायचं असतं. ग्रँड सेइकोच्या चेनवाल्यांनी अशा सरकत्या लॉकची वाट फार वर्षं पाहिली. 2025 च्या टायटॅनियमच्या एसएलजीबी003 मध्ये 2 मिमीच्या तीन पायऱ्यांचं लॉक आलं. कार्तिएच्या सांतोसमध्ये 2018 पासून बटण दाबून कडीच काढता येते, पण बारीक पायऱ्या मिळत नाहीत. दोन्हीकडून फुलपाखरासारखं उघडणारं लॉक बंद असताना सुरेख दिसतं, पण त्यात बहुधा काहीच सरकत नाही. आपल्या दमट हवेत ते घ्यायचं तर अर्धी कडी मिळते याची खात्री करूनच घ्या.

घरी कडी काढायचीच असेल तर सबमरिनर आणि डेटजस्ट दोन्हींच्या कड्या स्क्रूने बसवलेल्या असतात. पेचकसाचं टोक 1.6 मिमीचं हवं आणि त्याने स्क्रूची खाच पूर्ण भरायला हवी. बारीक टोक वापरलं की ते खाचेतून निसटतं आणि कडीच्या चकचकीत बाजूवर चरा उठतो, जो पॉलिश केल्याशिवाय जात नाही. स्क्रू गोंदाने धरलेले असतात. हलला नाही तर जोर वाढवू नका. केस वाळवायच्या ड्रायरने त्या कडीला मिनिटभर गरम हवा द्या, गोंद सुटतो. परत बसवताना सौम्य गोंदाचा, लॉकटाइट 222 चा, अगदी बारीक थेंब आट्यांवर. त्याहून पक्के प्रकार नकोत, पुढच्या वेळी स्क्रूचं डोकंच तुटेल. आणि अजिबात गोंद न लावता बसवलेला स्क्रू महिनोन्‌महिने हलत हलत बाहेर येतो. दुसऱ्या कंपन्यांच्या काही चेनमध्ये स्क्रूऐवजी पिना असतात, कडीच्या आत बाण कोरलेला असतो. पिन बाणाच्या दिशेने बाहेर ढकलायची, घालताना बाणाच्या उलट. काही पिनांवर तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी नळी असते आणि ती नेमकी पिन निघताना खाली पडते. म्हणून काम पांढऱ्या कापडावर करा. नळी हरवली तर पिन कडीत घट्ट धरून बसत नाही.

वॉरंटीतलं घड्याळ असेल तर हे सगळं अधिकृत विक्रेत्याकडूनच करून घ्या, कडी काढण्या-घालण्याचे बहुधा पैसे घेत नाहीत. फक्त माप दुपारी चार वाजता द्यायला जा, आणि मधलं माप कागदावर लिहून न्या.

आता खाज आणि लाल पट्टीबद्दल. लॉक उघडून झाकणाच्या कडेने आणि दातेरी पट्टीत बघा, काळसर चिकट रेघ दिसेल. घाम, मेलेली त्वचा, साबण आणि सनस्क्रीन यांचा तो थर. पुष्कळदा ज्याला निकेलची अ‍ॅलर्जी म्हणतात ती प्रत्यक्षात याच थराची आणि अडकलेल्या ओलाव्याची जळजळ असते. आठवड्यातून एकदा, मुकुट (काटे लावायची बाजूची गुंडी) घट्ट फिरवून बंद आहे याची खात्री करून, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका आणि मऊ टूथब्रशने लॉक उघडं ठेवून घासा. गरम पाणी नको, त्याने आतल्या रबरी सीलवर ताण येतो. पुसा आणि लॉक उघडंच ठेवून वाळू द्या. दातेरी पट्टीला तेल लावू नका, त्यात धूळ धरते आणि दात झिजतात. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने त्याच दिवशी धुवा, वाळूचे कण सांध्यात शिरून घासत राहतात. पंधरा दिवस नीट साफ ठेवूनही पट्टी उमटत राहिली तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. खरोखर निकेल बाधत असेल तर टायटॅनियमच्या चेनचं घड्याळ बघा, ट्यूडरचं पेलागोस तसं आहे.

बाजारात बाहेरच्या कंपन्यांची सरकती लॉकंही मिळतात. जुन्या, खाचा-छिद्रांच्या लॉकला ती सोय होते, पण चेनच्या टोकाची रुंदी मिलिमीटरपर्यंत जुळायला हवी आणि मूळ लॉक फेकायचं नाही. तुम्हाला त्याची गरज नाही. काढलेल्या दोन कड्या मात्र शोरूमकडून मागून घ्या, त्यांच्या स्क्रूंसकट, आणि एका छोट्या पिशवीत घड्याळाच्या खोक्यातच ठेवा. वर चिठ्ठी लावा: कडी कुठल्या बाजूची, सहाची की बाराची.