सूप वाटणारा मंत्री: यात्सेक कुरोन आणि माझ्या सासरचा वाद

तुमचा प्रश्न असा: पोलंडचे कामगारमंत्री यात्सेक कुरोन बेरोजगारांना स्वतःच्या हाताने सूप वाढायचे असं वाचलं. ते खरे कामगारांचे नेते होते, की कारखाने बंद पाडणाऱ्या सरकारने पुढे केलेला मुखवटा?

मुखवटा अजिबात नव्हते. आणि असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, तेही आधीच सांगून टाकते. माझं सासर राडोमचं. वॉर्सॉच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवरचं हे कारखान्यांचं शहर. कुरोन विरोधात होते तेव्हाही या शहराने त्यांना पाहिलं आणि मंत्री झाले तेव्हाही. त्यामुळे आमच्याकडे हा विषय निघाला की जेवणं अर्धवट राहतात.

चरित्र कुठेही वाचायला मिळेल, म्हणून मोजकंच लिहिते. जन्म 1934 चा, ल्वूफचा. ते शहर आज युक्रेनमध्ये आहे. तरुणपणी पक्के कम्युनिस्ट. 1964 मध्ये पक्षाने काढून टाकलं. 1965 मध्ये त्यांनी कारोल मोद्झेलेव्स्की यांच्याबरोबर पक्षाला खुलं पत्र लिहिलं, त्याचा मथितार्थ असा की कामगारांच्या नावाने चालणाऱ्या या राज्यात कामगारांना लुबाडणारी नोकरशाही सत्तेवर बसली आहे. शिक्षा तीन वर्षं. बाहेर आले, तर 1968 च्या विद्यार्थी आंदोलनानंतर पुन्हा साडेतीन वर्षांची शिक्षा. पुढे लष्करी कायद्याच्या काळात 1981 पासून 1984 पर्यंत आत. त्या शेवटच्या तुरुंगवासात, 1982 साली, त्यांची पत्नी गाया वारली. हे सगळं भोगलेल्या माणसाला मुखवटा म्हणताना जीभ जरा अडखळायला हवी.

राडोमचं म्हणाल तर 24 जून 1976 ला पंतप्रधान यारोशेविच यांनी संसदेत भाववाढ जाहीर केली. मांस सरासरी 69 टक्क्यांनी महाग आणि साखर थेट दुप्पट. दुसऱ्या दिवशी सकाळी राडोमचे कामगार कारखान्यांतून बाहेर पडले, पक्षाच्या कचेरीसमोर जमले आणि दुपारी ती कचेरी पेटली. संध्याकाळी सरकारने भाववाढ मागे घेतली, पण सूड सोडला नाही. पकडलेल्या माणसांना पोलीस दोन रांगांच्या मधून पळवायचे आणि दोन्ही बाजूंनी दंडुके बसायचे. माझे सासरे त्या रांगांमधून गेले आहेत. मी त्यांना तिथल्या रीतीप्रमाणे 'तातो' म्हणते. तातोंच्या डाव्या कानाला तेव्हापासून कमी ऐकू येतं. कामगार कायद्याचं कलम 52 लावून त्यांना काढून टाकलं. हे कलम दाखल्यावर आलं की दुसरीकडे कुणी दारात उभं करत नसे. घरात तीन वर्षांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, आणि सासूबाईंना दिवस गेलेले.

त्या सप्टेंबरात वॉर्सॉत कामगार संरक्षण समिती स्थापन झाली, पोलिशमधल्या आद्याक्षरांवरून तिला 'कोर' म्हणतात. कुरोन तिच्या मुख्य माणसांपैकी एक. वकील मिळवून देणं, मारहाणीची वैद्यकीय प्रमाणपत्रं जमवणं, खटल्याच्या दिवशी कोर्टात जाऊन बसणं, घरी पैसे पोचवणं, अशी ती कामं. मदतीचा हिशेब समिती उघडपणे छापायची, सदस्यांची नावं-पत्ते सुद्धा. वॉर्सॉहून रेल्वेने राडोमला येणाऱ्या या तरुण मंडळींना पोलीस स्टेशनावरच उचलायचे, कधी झोडपायचे. तरी ती पुढच्या आठवड्यात परत यायची. सासूबाई सांगायच्या, दारात उभी राहिलेली मुलगी त्यांच्याहूनही लहान दिसत होती, पाकीट दिलं आणि विचारलं, "डॉक्टरांकडे गेला होतात का? तो कागद जपून ठेवा." समितीच्या त्या पैशांवर घर चाललं. धाकट्या दिराचा जन्म त्याच हिवाळ्यातला.

कुरोन यांचं गाजलेलं वाक्य याच काळाशी जोडलं जातं: (पक्षाच्या) कमिट्या जाळू नका, स्वतःच्या कमिट्या काढा. वॉर्सॉच्या झोलिबोझ भागातल्या त्यांच्या घरचा फोन म्हणजे सबंध देशाची बातमीची खिडकी होती. 1980 च्या उन्हाळ्यात कुठल्या कारखान्यात संप झाला हे लोक त्या नंबरवर कळवायचे, तिथून ते परदेशी वार्ताहरांकडे आणि पश्चिमेतून पोलिशमध्ये बातम्या देणाऱ्या रेडिओ फ्री युरोपकडे जायचं, आणि रात्री रेडिओवरून तीच बातमी पोलंडभर ऐकू यायची. त्याआधी मार्च 1979 मध्ये त्याच घरात टोळकं घुसवून त्यांच्या मुलाला बेदम मारलं होतं. फोन तरीही चालू राहिला.

आता 2009 मधलं सांगते, कारण तुमचा प्रश्न मला जिथे लागला ती जागा ही आहे. आम्ही तेव्हा राडोमलाच राहत होतो. मी रोज रेल्वेने वॉर्सॉला जाऊन एका कंपनीत हिशेबाचं काम करत होते. मंदी आली आणि आमचा अख्खा विभाग घरी बसला. नोकरीचा दाखला घेऊन रोजगार कार्यालयात नाव नोंदवलं, भत्ता सुरू झाला. पोलंडमध्ये बेकारभत्त्याला लोक आजही बोलताना कुरोन यांच्याच नावावरून 'कुरोन्युफ्का' म्हणतात. तातोंच्या नामदिनाला (तो तिथे वाढदिवसासारखा साजरा करतात) सगळे जमले होते. बिगोस वाढून झालं होतं. धाकट्या दिराचा टाइल्सचा धंदा तेव्हा जोरात होता. तो मला सगळ्यांसमोर म्हणाला, "तू शिकलेली बाई. कुरोन्युफ्का घ्यायला रांगेत उभी राहतेस? त्या माणसाने लोकांना सूप पाजून पाजून आळशी केलं. आपल्या घरात असं कुणी जगलं नाही."

मी काही बोलायच्या आत तातोंनी काटा ताटात ठेवला. मोठा आवाज केला नाही. म्हणाले, "तुझं पहिल्या वर्षाचं दूध कुरोनच्या माणसांच्या पैशांतून आलं. आणि 1990 ला मला दुसऱ्यांदा घरी बसवलं तेव्हा तू शाळेत होतास; तुझे बूट मी ज्या पैशांतून घेतले त्याला काय म्हणतात ते तुला माहीत आहे." दीर तावातावाने उठला, बायकोमुलांना घेऊन गेला, आणि पुढे कित्येक महिने त्याने आमच्याशी अबोला धरला.

गंमत अशी की तातो स्वतः कुरोन यांच्यावर नाराज होते. ते दीर गेल्यावर मला म्हणाले, "1976 ला त्याच्यावर माझा विश्वास होता. मंत्री व्हायला नको होतं त्याने. त्याने टीव्हीवर येऊन सांगितलं म्हणून आम्ही सहन केलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर आम्ही पुन्हा रस्त्यावर आलो असतो." तुम्ही ज्याला मुखवटा म्हणताय ते हेच, फक्त तातोंना ते बोलायचा अधिकार होता.

त्यांचं म्हणणं मी डोक्यात घोळवलं आहे आणि मला ते पटत नाही. सप्टेंबर 1989 मध्ये कम्युनिस्ट राजवट संपून पंतप्रधान माझोविएत्स्की यांचं सरकार आलं तेव्हा तिजोरीत खडखडाट होता आणि भाव आठवड्याला बदलत होते. 1 जानेवारी 1990 पासून अर्थमंत्री बाल्सेरोविच यांची योजना लागू झाली: भाव मोकळे, सरकारी कारखान्यांचं अनुदान कापलेलं, पगारवाढीवर जबर कर. त्या वर्षीची महागाई 585 टक्क्यांवर. ज्या देशात बेकारी कागदोपत्री अस्तित्वातच नव्हती तिथे 1990 च्या अखेरीस 11 लाखांवर बेकार, 1991 च्या अखेरीस 21 लाखांवर. अशा वेळी कामगार खातं घेणं म्हणजे शिव्या खायची जागा स्वतःहून मागून घेणं होतं. कुरोन यांनी ती घेतली. डिसेंबर 1989 मध्येच भत्त्याचा कायदा झाला, म्हणजे लोकांच्या नोकऱ्या जायच्या आधी. मग ते दर आठवड्याला टीव्हीवर यायचे, अंगात तोच जीन्सचा शर्ट, घोगऱ्या आवाजात सांगायचे की हे असं का होतंय, कुणाला काय मिळेल, कुठे जायचं. सुपाच्या मोठ्या पातेल्याशेजारी डाव घेऊन उभे राहिले ते याच दिवसांत. फोटो निघाले, हो. मंत्री तिथे उभा असल्यामुळे रांगेतल्या माणसाची मान ताठ राहिली, हे माझ्या लेखी फोटोपेक्षा मोठं आहे.

मी हे इतक्या पोटतिडकीने का लिहिते? मी इचलकरंजीची. माझे वडील एका सूतगिरणीत होते. ती बंद पडली तेव्हा त्यांच्या हक्काची देणी मिळायला वर्षं गेली. मधल्या काळात भत्ता तर सोडाच, आता काय होणार हे सांगायला कुणी फिरकलं नाही. आईने घरी शेव-पापडाची कामं घेतली. त्यामुळे 'भत्त्याने लोक आळशी होतात' हे वाक्य मी कोणत्याही भाषेत ऐकून घेऊ शकत नाही. काम गेलेला माणूस पहिले काही महिने फक्त घाबरलेला असतो. त्याला भाडं भरता आलं तर तो काम शोधायला बाहेर पडतो. मी त्या भत्त्यावर असतानाच हिशेबाची परीक्षा दिली आणि आजची नोकरी त्या प्रमाणपत्रावर आहे. दिराला हे मी तोंडावर सांगितलं आहे. तुमच्या ओळखीत असा कुणी असेल तर तुम्हीही सांगा, आणि शक्य असेल तर त्याच्या घरच्यांसमोर सांगा, तिथेच असल्या बढाया उघड्या पडतात.

दुसऱ्यांदा कुरोन 1992-93 मध्ये हान्ना सुखोत्स्का यांच्या सरकारात मंत्री होते. हा भाग लोक विसरतात आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. 1992 च्या उन्हाळ्यात मोठे संप झाले. कुरोन यांनी युनियन, मालक आणि सरकार यांना एकत्र बसवून सरकारी उद्योगांबद्दलचा करार घडवला, फेब्रुवारी 1993 मध्ये सह्या झाल्या. कारखान्याचं खासगीकरण कसं व्हावं यात कामगारांना बोलायची जागा देणारा हा करार होता. मे महिन्यात संसद बरखास्त झाली आणि त्याचे बरेचसे कायदे लटकले. तो तीन वर्षं आधी झाला असता तर राडोमसारख्या शहरांचं एवढं वाटोळं झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे. 1993 अखेर देशातली बेकारी 16.4 टक्के होती, आणि राडोमची परिस्थिती देशाच्या सरासरीहून कायम वाईट राहिली.

काही गोष्टी कुरोन यांच्या विरुद्धही आहेत. भत्त्याचा पहिला कायदा फारच सैल होता, ज्यांनी कधी नोकरी केली नव्हती त्यांनाही पैसे मिळू लागले, नंतर तो आवळावा लागला. लहान शहरांत एकच कारखाना असेल आणि तो गेला तर पुढे काय, याची तयारी त्या सरकारने केली नाही आणि कुरोन त्या सरकारात बसले होते. ही जबाबदारी त्यांनीही कधी झटकली नाही. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ते उघडपणे लिहीत होते की बदलाची किंमत गरिबांवर पडली आणि त्यात आपलाही वाटा आहे. सत्तेतून उतरल्यावर असं म्हणणारे किती मंत्री तुम्ही पाहिलेत?

1995 ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी लढवली. 9.22 टक्के मतं, क्वाश्निएव्स्की आणि वावेन्सा यांच्यामागे तिसरे. तातोंनी मत त्यांनाच दिलं होतं, नाराजीसकट. 17 जून 2004 ला कुरोन वॉर्सॉत वारले.

बाल्सेरोविच यांच्या योजनेला पर्याय होता का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण खाली कुणीतरी तोच धागा ओढणार हे दिसतंय. त्यासाठी वेगळा प्रश्न टाका, मी उत्तर देईन. फक्त तिथे येताना चेक आणि हंगेरियन लोकांनी त्याच वर्षांत काय केलं ते वाचून या, नुसतं 'दुसरा मार्गच नव्हता' हे मी दिराकडून भरपूर ऐकलं आहे.