स्टेपलरने सुंता करावी की साध्या टाक्यांनी?

वय 36, फायमोसिस (शिश्नाची पुढची कातडी आवळून मागे न सरकणं), राहणार म्हापसा. डॉक्टर म्हणतात स्टेपलरने दहा मिनिटांत होईल, आणि तुमचा प्रश्न असा की त्यासाठी जादा पैसे मोजावेत का. माझी बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरात उपकरणं मांडण्यात गेली, तेव्हा ट्रेच्या बाजूने सांगतो.

परवडत असेल तर मोजा, पण आधी साइझचं विचारा. स्टेपलर एकदाच वापरून फेकायचा असतो. आतली घंटी शिश्नाच्या बोंडावर बसते, कातडी तिच्यावर ओढून बांधतात, वरून बाहेरचा भाग चढवून चक्री आवळतात. मूठ दाबली की गोल पातं कातडी कापतं आणि त्याच दमात पिनांचं कडं बसतं. घंटी बोंडाच्या मापाची हवी. माप चुकलं तर कातडी कमी-जास्त कापली जाते, नाहीतर पिना नीट धरत नाहीत आणि रक्त थांबत नाही. म्हणून स्टेपलरशेजारी टाक्यांचा दोरा मी कायम तयार ठेवायचो. दोन-तीनदा तोच कामी आला. तुमचे डॉक्टर हाताने टाके घालण्यात मुरलेले असतील तर त्यांनाच टाके घालू द्या.

नेटवर गॉम्को, मोगन, प्लास्टिबेल ही सुंतेची उपकरणंही दिसतील. ती मुख्यतः तान्ह्या बाळांसाठी, तुमच्या कामाची नाहीत. (गॉम्को पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते बांबोळीच्या आपल्या गोमेकॉचंच, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचंच वाटलं होतं! निघालं अमेरिकेच्या गोल्डस्टीन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचं, 1930च्या दशकातलं. एका कंपनीच्या क्लॅम्पला (चिमट्याला) दुसऱ्या कंपनीचे भाग जोडल्याने इजा होते, असं तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, 2000 साली बजावलं होतं.)

स्टेपलरच्या पिना साधारण दोन ते चार आठवड्यांत आपोआप गळतात. न्हाणीत एखादी सापडली तर घाबरू नका, आणि अडकलेली स्वतः उपटू नका, डॉक्टर काढतील. बायकोजवळ जायला सहा आठवडे थांबा. चतुर्थीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधायला स्टुलावर चढणारे तुम्हीच असाल, तर ऑपरेशन चतुर्थीनंतर करा.

एक राहिलं. आजवर ठीक होतं आणि कातडी आताच आवळली असेल, तर आधी रक्तातली साखर तपासा. मधुमेहात असं होतं. स्टिरॉइडचं मलम काही आठवडे लावून बघितलं का, तेही विचारा. कातडी पांढरी, कडक झालेली नसेल तर कित्येकांचं तेवढ्यावरच भागतं.