ओळखीच्या लोकांशी येशूविषयी कसं बोलावं? ‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो’ म्हटलेलं चालतं का?

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडला राहता, सोसायटीत आणि ऑफिसात रोजचे चेहरे आहेत, त्यांना आपल्या विश्वासाबद्दल सांगावंसं वाटतं. पण ‘हा बाटवायला आला’ असं कुणी म्हणेल याची धास्ती वाटते. मी कोपरखैरण्याची, मूळ नगरकडची मराठी ख्रिस्ती. नोकरी ठाण्यात, त्यामुळे रोज ट्रान्सहार्बर लोकल. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: चालतं. फक्त प्रार्थना देवाशी करा, समोरच्याला ऐकवायला करू नका.

आपल्या लोकांत हे सर्रास होतं. ‘हे प्रभू, या भगिनीला कळू दे की तुझ्यावाचून तारण नाही…’ झालं, प्रार्थना राहिली बाजूला आणि प्रवचन सुरू. त्या बाईने बिचारीने भरवशाने डोळे मिटलेले असतात, तिला मधेच उठताही येत नाही. पुढच्या वेळी ती तुम्हाला पाहून डबा बदलते.

आमच्या लेडीज डब्यात एक काकू आहेत, रबाळ्याला चढतात. एकदा गप्प गप्प होत्या. विचारलं तर म्हणाल्या, उद्या मिस्टरांची अँजिओग्राफी आहे, मुलगा पुण्यात, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. म्हटलं, ‘तुमची हरकत नसेल तर आत्ताच प्रार्थना करू का? मी येशूला मानते, त्याच्या नावाने करीन.’ हे आधी सांगून टाकावं, मागाहून कळलं की माणसाला फसवल्यासारखं वाटतं. त्या म्हणाल्या, ‘करा की, त्यात काय.’ मी डोळे उघडे ठेवूनच, शेजारणीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हटलं, ‘प्रभू येशू, उद्या सकाळी यांच्या मिस्टरांची तपासणी आहे. यांना आज झोप लागू दे. डॉक्टरांना नीट दिसू दे. मुलगा वेळेत पोचू दे. आमेन.’ घणसोली यायच्या आत संपलं. त्या म्हणाल्या, ‘आमच्या स्वामींनाही साकडं घातलंय.’ मी मान हलवली. तिथे मुद्दा काढायची ती जागा नव्हती, आणि अजूनही नाही असंच मला वाटतं.

खरं काम त्यानंतरचं. घरी जाऊन त्यांचं नाव घेऊन पुन्हा प्रार्थना करायची आणि दोन दिवसांनी विचारायचं, ‘काय झालं हो?’ ‘प्रार्थना करतो’ म्हणून विसरून जाणारे ढीगभर असतात; लक्षात ठेवून विचारणारा माणूस लोकांच्या डोक्यात राहतो. त्या काकूंनीच मग एके दिवशी विचारलं, तुम्ही लोक फोटोपुढे बसता का नुसतंच बोलता? त्यावर आम्ही कोपरखैरण्यापर्यंत बोललो. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात सांगितलंय तेही हेच: तुमच्या आशेबद्दल जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. लोक ‘तयार असा’ एवढंच लक्षात ठेवतात.

रेल्वेचाच विषय निघाला म्हणून सांगते. कवी नारायण वामन टिळक राजनांदगावला चालले होते, तेव्हा डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. आधी संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या आणि मग त्याने नवा करार हातात ठेवला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही तो म्हणाला. १८९५ मध्ये मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आमच्याकडे ही गोष्ट सांगताना सगळा भर त्या भाकितावर असतो. मला त्यातल्या संस्कृत काव्याच्या गप्पा महत्त्वाच्या वाटतात. समोरच्याला कशात रस आहे हे त्या माणसाला माहीत करून घ्यावंसं वाटलं. आणि हेही विसरू नका की खुद्द टिळकांच्या घरात हा विषय किती जड गेला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या, त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. घरच्यांना, जिवलग मित्रांना घाई करू नका.

धास्तीबद्दल. संविधानाचं कलम २५ धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचाही हक्क देतं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ सांगितला: आपली शिकवण दुसऱ्यापुढे मांडता येते, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. म्हणून एक पथ्य मी कडक पाळते. कुणाला पैशाची, औषधाची, मुलाच्या फीची मदत केली तर त्या प्रसंगी येशूचं नावसुद्धा काढत नाही. आमच्या मंडळीत काहींना हे पटत नाही. पण उपकाराखाली दबलेला माणूस ‘नको’ म्हणू शकत नाही, आणि ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही त्याच्या ‘हो’ला काय अर्थ?

सोसायटीत ‘तुमचा धर्म इंग्रजांनी आणला ना?’ हे कधीतरी ऐकावं लागेलच. चिडू नका. तुम्ही तर ठाण्याचे, तुमच्याकडे चांगलं उत्तर आहे: १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू (संत फ्रान्सिसच्या संघातले) मारले गेले. ते आले तेव्हा इथे सीरियन परंपरेची ख्रिस्ती कुटुंबं आधीच राहत होती. पोर्तुगीज यायला तेव्हा पावणेदोनशे वर्षं होती, इंग्रज तर फारच लांब. एवढं सांगून थांबायचं आणि नाताळला करंज्यांचं ताट त्यांच्याकडे पाठवायचं. गणपतीला दर्शनाला बोलावलं तर आम्ही जातो, बसतो, गप्पा मारतो. प्रसादाबाबत आपल्यात मतभेद आहेत, ते तुमच्या पाळकांशी किंवा फादरांशी बोलून ठरवा.

आणि कुणी आपणहून म्हणालं, ‘एकदा तुमच्या चर्चला येऊ का?’ तर आधी सगळं समजावून सांगा. मराठी उपासनेलाच न्या. किती वेळ लागतो, कधी उभं राहतात, प्रभूभोजनाच्या (भाकर-द्राक्षारस घेण्याच्या) वेळी जागेवर बसून राहिलं तरी चालतं, दानाची थैली आली की पुढे सरकवली तरी कुणी काही म्हणत नाही. स्वतः त्यांच्या शेजारी बसा. आणि संपल्यावर पाच जणांनी घेरून नाव, पत्ता, फोन नंबर विचारायला सुरुवात केली, तर त्यांना हळूच बाहेर चहाला घेऊन जा.